अर्थ विचारणारी पंडिता

गाणे शिकवणाऱ्याला एक अनुभव वारंवार येतो. नवा विद्यार्थी बंदिशीचे बोल घडाघडा पाठ करतो, सूरही बरा लावतो. पण त्या बोलांचा अर्थ विचारला की खाली पाहू लागतो. ब्रजभाषेतले ते शब्द एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाता जाता झिजलेले असतात आणि गुरूंनी असेच सांगितले, एवढे उत्तर त्याला पुरेसे वाटते. क्वचित एखादी मुलगी मात्र पहिल्याच दिवशी विचारते, की मी हे जे म्हणते आहे ते काय आहे? अशा मुलीला शिकवताना गुरूची दमछाक होते. पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना मला नेहमी अशी मुलगी डोळ्यांसमोर दिसते.

रमाबाईंचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते शारदा सदनामुळे आणि केडगावच्या मुक्ती मिशनमुळे. गुजरातेतही जुन्या पिढीने ते ऐकलेले होते. कारण संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या, छप्पनिया दुष्काळात त्यांनी गुजरातेतून अनेक निराधार मुली केडगावी नेऊन वाचविल्या. हिंदू समाजाशी त्यांचा झालेला झगडाही पुष्कळांनी वर्णिला आहे. परंतु ज्या ख्रिस्ती मंडळीत त्या आपखुशीने गेल्या, तिच्याशीही त्यांना झगडावे लागले, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. मंडळीच्या सामान्य सभासदाने काय मानायचे आणि ते कोणी ठरवायचे, हा त्या झगड्याचा विषय होता. बाईंच्या आयुष्याचा तो धागा आज उलगडून पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न आणि तितकेच हट्टी. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागला, पण त्यांनी माघार घेतली नाही. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते निघालेच. देवळात किंवा नदीच्या घाटावर बसायचे, मोठ्याने पुराण वाचायचे आणि श्रोते जे फळ, फूल, पैसा वाहतील त्यावर निर्वाह करायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मुलीला आईने शिकवले. भागवताचे हजारो श्लोक तिच्या जिभेवर होते.

या पुराण वाचण्याच्या धंद्यात एक गोम होती आणि ती रमाबाईंनी पुढे स्वतःच सांगितली आहे. पुराणिक वाचतो ते संस्कृत. ऐकणाऱ्याला ते कळलेच पाहिजे असे नाही. शब्द कानांवर पडले की पुण्य पदरी पडले, अशी समजूत. वाचणाऱ्याने अर्थ सांगण्याची गरज नाही आणि ऐकणाऱ्याने तो विचारण्याची नाही. लहानपणापासून या रिवाजावरच तिचे पोट भरत आले होते.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. व्रते झाली, दाने झाली, जवळचे होते नव्हते ते संपले. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देश तुडवीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने देण्याची विनंती झाली, म्हणून तिने धर्मशास्त्रे चाळली. ग्रंथाग्रंथांत मतभेद पुष्कळ होते, पण स्त्रीची पायरी खालची, या एका गोष्टीवर मात्र सर्वांचे एकमत तिला आढळले. केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाची प्रत दिली. स्त्रीने वेद वाचू नये असे ती शिकलेली होती, तरी तिने तो वाचला.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेला. रमाबाई पुण्यास आल्या, तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीच्या पैशांतून त्या १८८३ साली विलायतेस निघाल्या. वैद्यकी शिकावी हा बेत होता. परंतु कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. जिचे सारे बालपण पठण करण्यात गेले, तिच्याच कानांनी दगा द्यावा, हे वाचून कोणाही गाणाऱ्याच्या मनाला चुटपुट लागेल.

विलायतेत त्या वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनीसंघाकडे उतरल्या. या संघाचे काम पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चाले आणि ओळख तेथलीच. त्याच मिशनशी संबंधित असलेले फादर नेहेम्या गोरे, म्हणजे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, यांच्या लिखाणाचा रमाबाईंवर मोठा परिणाम झाला. गोरेही चित्पावन, काशीत शिकलेले, शास्त्रार्थात मुरलेले, १८४८ साली ख्रिस्ती झालेले. वाँटेजचे ते वर्ष सुखाचे गेले नाही. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे विष घेऊन जीव दिला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पतित म्हणून समाजाने टाकलेल्या बायकांना संघाच्या भगिनी जवळ करीत, ते पाहून आपले मन वळले, असे त्यांनी नंतर लिहिले आहे.

आता त्या काळचे इंग्लंडचे चर्च कसे होते, हे थोडे समजून घेतले पाहिजे. नाही तर पुढचा तंटा नुसता स्वभावाचा वाटेल. १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ उभी राहिली होती. इंग्लंडचे चर्च हे प्रॉटेस्टंट असले तरी प्राचीन सार्वत्रिक चर्चचेच ते अंग आहे, बिशप आणि पाळक यांचा अधिकार प्रेषितांपासून चालत आलेला आहे, विधींना महत्त्व आहे, पापाची कबुली पाळकापुढे द्यावी, अशी या पक्षाची शिकवण. तीनशे वर्षे साध्या उपासनेला सरावलेल्या सामान्य सभासदांना हे मानवेना. गावोगाव तंटे झाले. शेवटी १८७४ साली पार्लमेंटने कायदा केला आणि त्यात मंडळीच्या तीन सभासदांनाही आपल्या पाळकाविरुद्ध बिशपकडे तक्रार करण्याची मुभा दिली. विधींच्या वादापायी पाच पाळक तुरुंगातही गेले. शिकवण वरून बदलली की खालच्या बाकावर बसणारा माणूस काय करतो, याचे हे ठळक उदाहरण होय. वाँटेजचा भगिनीसंघ १८४८ साली याच नव्या लाटेतून निघालेला. म्हणजे रमाबाई ज्या घरात शिरल्या, त्या घरातच वाटणीचे भांडण चालू होते.

त्यातही एक जुने कलम विशेष गाजत होते. अथनाशियसच्या नावाने चालत आलेला विश्वासांगीकार इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकानुसार वर्षातून तेरा दिवशी उपासनेत म्हणावा लागे. त्यात त्रैक्याचा सिद्धांत अतिशय बारकाईने मांडला आहे आणि जो हे मानणार नाही त्याचा नाश होईल, असेही बजावले आहे. अमेरिकेतील याच परंपरेच्या चर्चने १७८९ सालीच तो आपल्या प्रार्थनापुस्तकातून वगळला होता. आयर्लंडच्या चर्चने सरकारी बंधनातून सुटल्यावर त्याची सक्ती काढून टाकली. इंग्लंडमध्येही १८७० नंतर त्यावर मोठा खल झाला, पण तो जागच्या जागी राहिला.

रमाबाई १८८४ पासून चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि संस्कृत शिकवीत होत्या. तेथल्या प्राचार्या डॉरोथिया बील या धर्मचर्चेत मोकळ्या मनाच्या. दुसऱ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांशीही रमाबाईंची गाठ पडू लागली. प्रत्येक पंथ बायबलच उघडून दाखवतो आणि प्रत्येकाचा निष्कर्ष मात्र निराळा, हे त्यांच्या ध्यानात आले. कलकत्त्यात धर्मशास्त्रे चाळताना जे केले तेच त्यांनी येथे केले. मूळ वाचले, ताडून पाहिले आणि प्रश्न विचारले. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, त्याचा चमत्कारिक जन्म यांविषयीच्या शंका त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून स्पष्ट लिहिल्या. अथनाशियसचा विश्वासांगीकार आपल्याला मान्य करता येत नाही, असेही त्यांनी कळविले.

त्यांच्या भूमिकेचा सारांश असा, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण बिशप किंवा पाळक यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेली नाही. भटभिक्षुकांचे जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसरे तसलेच घेण्यासाठी नव्हे. देवाची आज्ञा आणि धर्माधिकाऱ्यांची आज्ञा या दोन गोष्टी त्यांना एक मानता येत नव्हत्या.

हा वाद हवेत चाललेला नव्हता. चेल्टनहॅममध्ये पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी ते रमाबाईंच्या पुढील कार्याला बाधक होईल म्हणून हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यात आणि पुण्यात शास्त्रीपंडितांपुढे भाषणे केली होती, तिला हे चमत्कारिक वाटले. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, हाही प्रश्न त्यांनी केला. हिंदुस्थानातल्या बायकांना दोन्ही भाषा येत नसल्या तरी एक निदान आपली आहे. अन्नात त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. आणि सर्वांत नाजूक प्रश्न मुलीचा होता. मनोरमाला कोणते धर्मशिक्षण द्यायचे, हे आईने ठरवायचे की संघाने? संघाच्या आश्रयाला असलेली, परदेशातली, पंचविशी नुकती ओलांडलेली विधवा हे प्रश्न विचारीत होती. होय म्हटले असते तर आयुष्य सोपे झाले असते. परतीची वाटही मागे उरली नव्हती. पुण्याने तिला बाप्तिस्म्याबद्दल केव्हाच दोष दिला होता.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाईंविषयी माया होती आणि रमाबाई त्यांना आपली आजीबाई म्हणत, इतका जिव्हाळा होता. जेराल्डिन यांना वाटे की शतकांची श्रद्धा ही निवडून टिपून घेण्याची वस्तू नव्हे. नव्याने आलेल्याने आधी विश्वासाने स्वीकारावे, कळणे मागाहून येते. या प्रश्नांत त्यांना अहंकार दिसला. आम्हा गाणाऱ्यांना हे म्हणणे परके नाही. षड्ज असाच का, हे विचारण्याआधी तो लावावा लागतो, हे प्रत्येक उस्ताद सांगतो. परंतु सूर लावणे वेगळे आणि लावणार नाही त्याचा नाश होईल, असे तोंडाने म्हणणे वेगळे. रमाबाईंनी ख्रिस्त नाकारला नाही, प्रार्थना सोडली नाही. जे आपल्याला पटले नाही ते आपल्या तोंडून वदवून घेऊ नये, एवढेच त्या मागत होत्या. घाटावरच्या त्या पुराणश्रवणाची आठवण त्यांच्या मनात किती खोल होती, हे येथे कळते. न समजता म्हटल्याने पुण्य लाभते, ही समजूत एकदा सोडलेली बाई ती नव्या देवळात पुन्हा कशी धरील?

१८८६ साल हे आम्हा बडोदेकरांना मौलाबक्षांच्या गायनशाळेचे साल म्हणून आठवते. घराण्याच्या उंबऱ्याआड असलेली विद्या त्यांनी स्वरलेखन करून चारचौघांच्या हाती दिली. त्याच वर्षी फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेस निघाल्या. ११ मार्चला आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या फिलाडेल्फियात हजर होत्या. अमेरिकेत नाना पंथांची माणसे त्यांना भेटली. १८८७ साली त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तक निघाले आणि वर्षअखेरीस बॉस्टनमध्ये त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे त्रैक्य न मानणाऱ्या युनिटेरियन पंथाचे होते, तर इतर पदाधिकारी निरनिराळ्या पंथांचे. शाळेत धर्माची सक्ती नसावी, ही अट सर्वांनी मान्य केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि १८९० मध्ये ते पुण्यास गेले.

येथे चरित्रकाराला थबकावे लागते. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या श्रद्धेला वेगळे वळण लागले. ख्रिस्ती मत आपण स्वीकारले होते, पण ख्रिस्त आता भेटला, असे त्यांना वाटले. इंग्लंडमधल्या पुष्कळ शंका तेथे विरघळल्या. मात्र ही शरणागती कोणा बिशपाच्या सांगण्यावरून झाली नव्हती. खोलीचे दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ साली यावरून पुण्यात गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले. पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे काही मुलींनी बाप्तिस्माही घेतला. सक्ती केली नाही, दार फक्त उघडे ठेवले, असे रमाबाईंचे उत्तर. पण जिच्या अन्नावर आपण राहतो तिच्या उघड्या दाराचीही ओढ असते. ही ओढ वाँटेजमध्ये त्यांनी स्वतः सोसली होती. रानड्यांच्या राजीनाम्यात त्या ओढीची भीती होती आणि ती निराधार म्हणता येत नाही. मोठ्या माणसाचे मोठेपण सांगताना हा भाग झाकून ठेवण्याचे कारण नाही.

केडगावी मुक्ती उभी राहिली ती दुष्काळातून. आधी १८९६-९७ चा दुष्काळ, मग छप्पनिया. १९०० पर्यंत तेथील वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींचे शिक्षण असे सारे काम बायकाच चालवीत. एवढा व्याप वाढला तरी रमाबाईंनी तो कोणत्याही एका पंथाच्या स्वाधीन केला नाही.

१९०५ साली मुक्तीत मोठे धर्मजागरण झाले. मुली रात्ररात्र प्रार्थना करीत, रडत, काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. १९०६ साली अमेरिकेत लॉस एंजलिसला अशीच लाट उठली आणि तिच्यातून नवी शिकवण पुढे आली, की पवित्र आत्मा मिळाल्याची खूण म्हणजे अन्य भाषांत बोलणे. मुक्तीतील रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांच्या पुस्तिकेमुळे ही ठिणगी दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत गेली. रमाबाईंनी मुलींच्या अनुभवाची टवाळी होऊ दिली नाही. पण ही खूण प्रत्येकीत दिसलीच पाहिजे, हा नियमही त्यांनी स्वीकारला नाही. वाँटेजला वीस वर्षे लोटली होती. तेव्हा त्या प्रश्न विचारणाऱ्या आश्रित होत्या, आता शेकडो जणी त्यांच्या शब्दाकडे पाहत होत्या. अधिकार हाती आल्यावरही जाचक कलम त्यांनी लादले नाही, यात मला त्यांच्या जुन्या पत्रांची खरी कसोटी दिसते.

अखेरची वर्षे त्यांनी बायबलाच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक या भाषा त्यासाठी त्या शिकल्या. प्रचलित मराठी भाषांतर त्यांना अवघड वाटे. खेड्यातल्या, नुकत्याच अक्षर ओळखू लागलेल्या बाईला वाचताच कळावे, अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतात अधिकार असलेल्या पंडितेने जाणून बुजून संस्कृत शब्द गाळावेत, याचे नवल वाटते. पण घाटावरची ती पुराणे आठवली की नवल उरत नाही. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच खिळे जुळवले. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. तिच्यामागून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडले.

त्यांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याबरोबर संपले नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताचे एकत्रित चर्च, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाले. मुंबईच्या बिशपांची मंडळीही त्यात सामील झाली. या चर्चने पायाभूत म्हणून जे प्राचीन विश्वासांगीकार स्वीकारले ते दोन, प्रेषितांचा आणि निकियाचा. रमाबाईंना जो म्हणता आला नाही तो त्यांत नाही. मेथडिस्ट मंडळी, जिची बडोद्यात जुनी वस्ती आहे, ती या एकीकरणात गेली नाही. गुजरातेतील ब्रदरन मंडळी मात्र त्यात गेली आणि तिच्यातल्या काही सभासदांनी ते अमान्य करून न्यायालय गाठले. ते प्रकरण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. वरच्या परिषदेत ठराव झाला म्हणून आमची श्रद्धा आणि आमचे देऊळ बदलले काय, हा सवाल तेथेही खालच्या बाकावरच्या माणसांनीच केला.

सिस्टर जेराल्डिन यांनी वाँटेजचा तो सारा पत्रव्यवहार जपून ठेवला होता. रमाबाईंच्या प्रश्नांत ज्यांना अहंकार दिसला, त्यांनीच ते प्रश्न नष्ट होऊ दिले नाहीत, हे त्यांचे ऋण मानले पाहिजे. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने काढला. आणि इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात आज ३० एप्रिल हा दिवस पंडिता मेरी रमाबाई यांच्या स्मरणाचा म्हणून नोंदलेला आहे. ज्या चर्चला तिने होकार देण्याआधी अर्थ विचारला, त्याच चर्चमध्ये आता वर्षातून एकदा तिचे नाव घेतले जाते.